युद्धकाळातलं पोस्टर वाचायचं कसं? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

युद्धकाळातलं पोस्टर रस्त्याने चाललेल्या माणसासाठी काढलेलं असतं. तो क्षणभर बघणार, पुढे जाणार, आणि तेवढ्यात त्याच्या मनात काहीतरी रुतलं पाहिजे, असा सगळा हिशोब. आपण तेच पोस्टर शंभर वर्षांनी स्क्रीनवर मोठं करून, निवांत बसून बघतो. मग नवख्या माणसाकडून एक गडबड हमखास होते. चित्र बघितलं, घोषणा वाचली, ‘भीती दाखवली आहे’ किंवा ‘देशप्रेम जागवलं आहे’ असा शिक्का मारला, की झालं. हे शिक्के जवळजवळ कुठल्याही पोस्टरवर बसतात, म्हणून त्यातून हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा दोन प्रश्न धरून ठेवा. या कागदाला समोरच्याकडून नेमकं काय करून हवं होतं? आणि ते करण्यापासून त्याला काय अडवत होतं? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. लोक आपणहून जे करतात त्यासाठी सरकार शाई खर्च करत नाही. पोस्टर आहे म्हणजे कुठेतरी अडसर आहे, आणि चित्रातली प्रत्येक युक्ती त्या अडसराच्या मापाने बेतलेली असते. खालच्या पायऱ्या त्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या दोन कंटाळवाण्या वाटतील, पण त्या गाळल्या की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आधी चांगली प्रत मिळवा

लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम आणि वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस या दोन संस्थांनी हजारो पोस्टरं ऑनलाइन ठेवली आहेत. तिथली मोठ्यातली मोठी फाइल उतरवून घ्या आणि नोंद क्रमांक लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवर किंवा चित्रं गोळा करणाऱ्या साइटवर फिरणारी प्रत घेऊ नका. तिच्या कडा बहुधा कापलेल्या असतात, रंग भडक केलेले असतात, आणि कडेला जे छापलेलं असतं तेच आपल्याला सर्वात आधी लागणार आहे. कागदाचा आकारही टिपा. ब्रिटनमध्ये २० बाय ३० इंचांचा ‘डबल क्राउन’ सर्रास वापरात होता. तो दुकानाच्या काचेत किंवा कचेरीच्या भिंतीवर बसतो. चौकातल्या मोठ्या फलकाचा हिशोब वेगळा.

संग्रहालयाने दिलेलं वर्णन लगेच वाचू नका. आधी स्वतःची टिपणं काढा, मग ताडून बघा.

पायरी १: तळाची बारीक ओळ

सुरुवात चित्रापासून नको, तळापासून करा. प्रकाशक, छापखाना, पोस्टरचा क्रमांक आणि बऱ्याचदा छापील प्रतींची संख्या तिथे असते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश भरती-पोस्टरांवर ‘पार्लमेंटरी रिक्रूटिंग कमिटी’चं नाव आणि पोस्टर क्रमांक सापडतो. सोबत सांकेतिक ओळ असेल तर तिच्यातल्या आकड्यापुढचं ‘एम’ हे अक्षर हजार दाखवतं: २५ एम म्हणजे २५ हजार प्रती. तिरप्या रेघेने लिहिलेला ३/१५ हा मार्च १९१५ असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सरकारी पोस्टरांवर गव्हर्न्मेंट प्रिंटिंग ऑफिसचं नाव आणि छपाईचं वर्ष असतं. जून १९४२ नंतरच्या अनेकांवर ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशनचा क्रमांकही.

ही ओळ वाचली नाही तर काय होतं, याचा नमुना म्हणजे ‘वुई कॅन डू इट!’. पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, निळा शर्ट, बाही सरसावून दंड दाखवणारी बाई. आज तिला सगळे ‘रोझी द रिव्हेटर’ म्हणतात आणि अमेरिकन सरकारने बायकांना कारखान्यात बोलावण्यासाठी हे पोस्टर देशभर लावलं असं सर्रास सांगितलं जातं. आता खालचा डावा कोपरा वाचा. १५ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी या काळात लावावे, अशी सूचना तिथे छापलेली आहे. बाईच्या कॉलरवरचा बिल्ला वेस्टिंगहाउस कंपनीच्या कामगाराचा आहे. म्हणजे १९४३ मध्ये जे. हॉवर्ड मिलर यांनी काढलेलं हे चित्र एका कंपनीने स्वतःच्या कारखान्यांत, आधीच कामावर असलेल्या लोकांसाठी, दोन आठवडे लावलं होतं. बाहेरच्या बाईला ते दिसणारच नव्हतं. मग ‘वुई’ म्हणजे कोण? कामगार आणि व्यवस्थापन मिळून आपण सगळे. संप नको, गैरहजेरी नको, उत्पादन वाढवा, हा त्यातला निरोप. स्त्रीमुक्तीचं चिन्ह म्हणून त्याला नाव मिळालं ते १९८० च्या दशकात. आजचा अर्थ खोटा ठरवायची गरज नाही, पण तो १९४३ चा अर्थ नव्हे.

पायरी २: तो आठवडा शोधा

वर्ष पुरत नाही. जमलं तर महिना, आणखी जमलं तर आठवडा काढा, आणि त्या सुमारास आघाडीवर व कायद्यात काय चाललं होतं ते शेजारी लिहा.

बोट रोखलेला लॉर्ड किचनर घ्या. आपल्याकडे हा गृहस्थ १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती म्हणून ओळखीचा; १९१४ मध्ये तो ब्रिटनचा युद्धमंत्री होता. अल्फ्रेड लीट यांनी काढलेलं त्याचं चित्र आधी ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या ५ सप्टेंबर १९१४ च्या मुखपृष्ठावर आलं. पोस्टर त्यानंतर निघालं. या पोस्टरमुळे लाखो तरुण भरतीला धावले, असं पुस्तकांतसुद्धा लिहिलेलं सापडतं. तारखा मांडून बघा. ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. ऑगस्टच्या अखेरीस बेल्जियममधल्या मोंसहून माघार घेतल्याच्या बातम्या आल्या. एका दिवसातल्या भरतीचा उच्चांक, ३३ हजारांहून जास्त माणसं, झाला ३ सप्टेंबरला. म्हणजे मुखपृष्ठ बाजारात येण्याच्या दोन दिवस आधी. माणसं धावली ती बातमीने. पोस्टरं खऱ्या अर्थाने कामाला लागली ती पुढे, उत्साह ओसरल्यावर, जे आले नव्हते त्यांना हलवण्यासाठी.

कायद्याची तारीखही तशीच बघायची. ब्रिटनमध्ये जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. सक्ती आली की आर्जव करणाऱ्या पोस्टरचं काम संपतं. मग भिंतींवर कर्जरोखे, अन्नबचत आणि कारखान्यांतली कामं दिसू लागतात. त्यामुळे एखादं ब्रिटिश भरती-पोस्टर १९१७ चं म्हणून समोर आलं, तर नौदल, विमानदल, बायकांची पथकं असा काही खास विभाग आहे का ते तपासा. नसेल तर तारखेवर शंका घ्या.

पायरी ३: एका क्रियापदात मागणी लिहा

‘देशभक्ती’ हे क्रियापद नाही. भरती हो. रोखे घे. गहू वाचव. वाफे खण. गप्प बस. गाडीत शेजाऱ्याला घे. इतकी ठोस मागणी लिहिता आली पाहिजे.

मागणी जितकी छोटी आणि हाताने करता येण्याजोगी, तितकं पोस्टर सोपं. ब्रिटनच्या ‘डिग फॉर व्हिक्टरी’ (विजयासाठी खणा, म्हणजे घरी भाजी पिकवा) मोहिमेतल्या सर्वात गाजलेल्या पोस्टरवर माणसाचा चेहराही नाही. फावड्यावर दाब देणारा बूट आहे, बस्स. काय करायचं ते बुटातच आलं. जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांच्या, बघणाऱ्याकडे बोट रोखलेल्या अंकल सॅमखाली (अमेरिकेचं माणसाच्या रूपातलं प्रतीक) ‘जवळचं भरती केंद्र’ असं छापून पत्त्यासाठी मोकळी जागा सोडली आहे. चित्र बघून पेटलेल्या माणसाला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते तिथल्या तिथे कळावं म्हणून. १९१७-१८ मध्ये या पोस्टरच्या ४० लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या. लोक त्या बोटाबद्दल बोलतात. ती कोरी जागा मात्र बहुतेक जण बघतच नाहीत.

कधीकधी मागणी सापडत नाही. अशा वेळी ओढूनताणून बसवू नका. १९४३ चं एक नाझी पोस्टर आहे: ‘युद्धाला जबाबदार हाच!’ वरून खाली आलेलं भलंमोठं बोट आणि त्याखाली पिवळा तारा लावलेला ज्यू माणूस. चित्रकार ‘म्योल्निर’ या नावाने काढणारा हान्स श्वाइत्झर. बघणाऱ्याने उठून काही करावं असं यात कुठेही म्हटलेलं नाही. त्या वर्षी लाखो ज्यूंची कत्तल चालूच होती. शेजारचं घर रिकामं झालं तर विचारू नका, वाईट वाटून घेऊ नका, एवढंच या कागदाला हवं होतं. ‘काही करू नका’ हीसुद्धा मागणी असते आणि ती सर्वात घातक जातीची.

पायरी ४: अडसर ओळखा

इथे वेळ घालवा. टिपणवहीत एक वाक्य पूर्ण करा: ‘तो हे करत नाही, कारण…’

सॅव्हिल लुम्ली यांचं १९१५ चं पोस्टर जवळून बघू. नीटनेटका दिवाणखाना, आरामखुर्चीत बसलेला बाप, अंगावर चांगले कपडे. मांडीवर मुलगी, तिच्यापुढे उघडं पुस्तक. पायाशी मुलगा खेळण्यातले सैनिक मांडतो आहे. खाली मुलीचा प्रश्न: ‘बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?’ त्यातला ‘तुम्ही’ ठळक आणि अधोरेखित. बाप मुलीकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो, आणि त्याच्याजवळ उत्तर नाही.

अडसर काय? १९१५ मध्ये घरी राहिलेल्या तरुणाला मरायची भीती होती, यात काही गुपित नाही. पोस्टर त्या भीतीशी वाद घालत नाही. ते घड्याळ पुढे नेतं. चित्रातल्या काळात युद्ध संपलेलं आहे, इंग्लंड जिंकलेलं आहे, घर शाबूत आहे, मुलांना इतिहासाचं पुस्तक मिळालेलं आहे. आणि बाप जिवंत आहे! मरणाचा प्रश्न चित्रातून अलगद बाहेर काढला, आणि त्या जागी म्हातारपणापर्यंत पुरणारी शरम ठेवली. गंमत अशी की हा बाप जिवंत आहे तो गेला नाही म्हणून. गेलेल्यांपैकी किती जणांच्या मांडीवर मुलगी बसणार होती हे चित्र विचारू देत नाही. भरती-पोस्टरात याहून सफाईदार हातचलाखी क्वचितच सापडेल.

आता त्याच युद्धातलं, पण हिंदुस्थानातलं उर्दू पोस्टर शेजारी ठेवा. त्यावरचा मजकूर साधारण असा: हा रुपया, ही बंदूक आणि ही वर्दी कोण घेणार? जो ताबडतोब भरती होईल तो. इथे मुलगी नाही, शरम नाही, ‘आपला देश’ही नाही. कारण अडसरच निराळा. पंजाबातल्या शेतकऱ्याला फ्रान्समध्ये किंवा मेसोपोटेमियात कोण जिंकतं याचं काय सोयरसुतक? त्याला इंग्लंडच्या इज्जतीची हाक घालून उपयोग नव्हता, तेव्हा पगार आणि गावातला रुबाब पुढे केला. शिपायाचा पगार होता महिना ११ रुपये. साम्राज्य एकच, मागणी एकच, पण अडसर बदलला आणि पोस्टरचं सगळं व्याकरण बदललं.

तिसरा नमुना हसवणारा. १९४० मध्ये ‘फुगास’ या नावाने काढणारे सिरिल केनेथ बर्ड यांनी ‘केअरलेस टॉक कॉस्ट्स लाइव्ज’ (बेफिकीर बोलण्याने जीव जातात) ही आठ पोस्टरांची मालिका केली. बसमध्ये दोन बायका गप्पा मारताहेत, आणि मागच्या सीटवर हिटलर व गोरिंग निवांत कान देऊन बसलेत. मोजक्या रेषा, भरपूर पांढरी जागा, भोवती लाल चौकट. लष्करी माहिती बोलू नका हे सांगायचं तर भीती का नाही घातली? कारण बडबड करणाऱ्याला आपण गुन्हा करतोय असं वाटतच नाही. गप्पा म्हणजे गप्पा. त्याला दरडावलं तर ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणून तो मान फिरवतो. हसवलं तर चित्र लक्षात राहतं, आणि पुढच्या वेळी बसमध्ये तोंड उघडताना मागची सीट आठवते.

यावरून एक कसोटी पदरात घ्या. पोस्टर भीती दाखवत असेल तर त्याच कागदावर सुटकेची वाट दिली आहे का बघा. व्हिक्टर कोरेत्स्की यांच्या १९४२ च्या सोव्हिएत पोस्टरमध्ये मूल छातीशी धरलेली आई आणि तिच्यावर रोखलेली रक्ताळलेली संगीन आहे. नुसतं भयानक. पण घोषणा आहे: ‘लाल सेनेच्या योद्ध्या, वाचव!’ ज्याला उद्देशून लिहिलं आहे त्याच्या हातात बंदूक आहे, म्हणजे वाट त्याच्याजवळच आहे. हेच चित्र निःशस्त्र नागरिकांपुढे घोषणेविना लावलं असतं तर पळापळ झाली असती.

पायरी ५: कोण कोणाकडे बघतंय?

चित्रातल्या प्रत्येक डोळ्यापासून एक रेघ काढा. रेघ बाहेर, बघणाऱ्याकडे येते की चित्रातच राहते? किचनर, अंकल सॅम, आणि १९२० मध्ये दिमित्री मोर यांनी काढलेला ‘तू स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलंस का?’ विचारणारा लाल सैनिक, तिघांचेही डोळे आणि बोट थेट समोर. सपाट कागदावर थेट समोर रोखलेली नजर कुठल्याही बाजूने बघितलं तरी आपल्यावरच असते. दुकानापुढून चालत गेलात तरी ती सुटत नाही. डोळे जरा बाजूला सरकले असते तर ही युक्ती मेली असती.

इराक्ली तोइद्झे यांच्या जून १९४१ च्या ‘मातृभूमी बोलावते आहे!’मध्ये लाल कपड्यातली बाई तुमच्याकडे बघते, पण तिचा वर गेलेला हात मागच्या संगिनींकडे नेतो आणि दुसऱ्या हातात लष्करी शपथेचा कागद आहे. ती आई आहे आणि सरकारही. आईला नाही म्हणता येत नाही, आणि शपथेला नाही म्हटलं तर शिक्षा असते.

बोलणारा एकाशी आणि ऐकणारा दुसराच, असंही होतं. ई. जे. कीली यांच्या १९१५ च्या पोस्टरवर खिडकीशी उभ्या बायका निघालेल्या सैनिकांकडे बघताहेत. घोषणा: ‘ब्रिटनच्या स्त्रिया म्हणतात, जा!’ वाचणाऱ्या पुरुषाला वाटतं, घरच्यांचीही हीच इच्छा. वाचणाऱ्या बाईला कळतं, चांगल्या बाईने काय म्हणायचं असतं. एका कागदात दोन कामं.

पायरी ६: झाका आणि डोळे बारीक करा

आधी मजकूर हाताने झाका. नुसत्या चित्रातून मागणी किती कळते? मग चित्र झाका, नुसता मजकूर वाचा. दोन्हींकडून एकच गोष्ट कळली तर पोस्टर बहुधा लेचंपेचं आहे. चांगल्या पोस्टरमध्ये चित्र एक सांगतं, मजकूर दुसरं, आणि जोड बघणाऱ्याच्या डोक्यात लागते. शेवटी डोळे बारीक करून पूर्ण कागद बघा. तरीही जे उरतं ते रस्त्याच्या पलीकडून दिसणारं पोस्टर.

रंगांचा अर्थ लावताना जपून. लाल म्हणजे रक्त, काळा म्हणजे मृत्यू, असली कोष्टकं टाळा. शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा पत्रा लागायचा, म्हणजे खर्च आणि वेळ वाढायचा. तीनच रंग असण्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा छापखान्याचं बिल असू शकतं. मॉस्कोतल्या ‘तास खिडक्या’ (‘तास’ ही सोव्हिएत वृत्तसंस्था, तिची पोस्टरं) तर छपाईयंत्राविना, स्टेन्सिल कापून हाताने रंगवल्या जायच्या. बातमी आली की तिच्यावरचं चित्र झटपट दुकानाच्या काचेत लागायचं.

पायरी ७: शत्रूला कोणतं शरीर दिलंय?

चार शक्यता तपासा: पशू, कीटक, हास्यास्पद माणूस, किंवा शत्रू चित्रात नाहीच.

पशूचा टोकाचा नमुना एच. आर. हॉप्स यांचं पहिल्या महायुद्धातलं अमेरिकन पोस्टर, ‘या पिसाळलेल्या जनावराला ठार करा’. टोकदार जर्मन शिरस्त्राण घातलेला गोरिला, त्यावर ‘मिलिटरिझम’ लिहिलेलं. ओठांवर कैसरसारख्या (जर्मन सम्राटासारख्या) वर वळलेल्या मिशा. हातात ‘कुल्टुर’ (जर्मनमध्ये संस्कृती) लिहिलेला रक्ताळलेला सोटा. दुसऱ्या हातात अर्धनग्न बाई. पायाखाली ‘अमेरिका’ असं लिहिलेला किनारा. मागे समुद्रापलीकडे उद्ध्वस्त शहर. अडसर ओळखा: अमेरिकन माणसाला युद्ध तीन हजार मैलांवर वाटत होतं. म्हणून गोरिला समुद्र ओलांडून आलेला दाखवला.

कीटक वेगळं काम करतो. फिलिप बॉयडेल यांचा १९४३ चा ‘स्क्वांडर बग’, अंगावर स्वस्तिकं असलेला किडा, बचतीचा पैसा नको त्या खरेदीत घालवायला कानात कुजबुजतो. उधळ्या बाईलाच शत्रू म्हटलं असतं तर ती चिडली असती. दोष किड्यावर ढकलला, तिला मोकळं ठेवलं.

अमेरिकेची दुसऱ्या महायुद्धातली पोस्टरं बघताना एक फरक मुद्दाम टिपा. जर्मनीविरुद्धच्या चित्रांत बहुधा हिटलर किंवा नाझी गणवेश असतो. जपानविरुद्धच्या अनेक चित्रांत पुढे आलेले दात आणि चष्मा असलेला, नाव नसलेला कुणीही जपानी असतो. एकीकडे राजवट शत्रू, दुसरीकडे वंश. त्याच काळात अमेरिकेतल्या एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं, हे शेजारी लिहिल्याशिवाय त्या चित्रांचं वाचन पूर्ण होत नाही.

पायरी ८: काय गाळलंय?

आपल्या बाजूची प्रेतं भरती-पोस्टरात नसतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढे जा. पोस्टरने घातलेल्या प्रश्नाचं कोणतं उत्तर त्याला ऐकायचंच नाही, ते शोधा.

‘वर्दी कोण घेणार?’ हा प्रश्न राजीखुशीचा वाटतो. १९१८ कडे येता येता लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायरच्या पंजाबात गावोगाव माणसांचे कोटे ठरवून देऊन लंबरदार-जैलदारांमार्फत (गावांचे सरकारमान्य मुखिया) दबाव आणला जात होता. आपल्या बाजूला मुंबईत, जून १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली. टिळकांचा भरतीला सरसकट विरोध नव्हता. पण भाषणात स्वराज्याचा विषय काढताच त्यांना थांबवण्यात आलं आणि ते सभागृहातून निघून गेले. रुपया, बंदूक, वर्दी एवढंच त्या कागदावर का आहे, हे या प्रसंगावरून कळतं. ज्या गोष्टीसाठी सुशिक्षित हिंदी माणूस सौदा करायला तयार होता, ती सरकारला छापायची नव्हती.

पायरी ९: ‘चाललं’ हे कशावरून?

आज गाजलेलं पोस्टर म्हणजे तेव्हा यशस्वी झालेलं पोस्टर, हे समीकरण पक्कं डोक्यातून काढा. ब्रिटनच्या ‘कीप काम अँड कॅरी ऑन’च्या (शांत राहा, काम चालू ठेवा) १९३९ मध्ये जवळपास २५ लाख प्रती छापल्या गेल्या, बॉम्बहल्ल्यासाठी राखून ठेवल्या, जवळजवळ कुठेच लावल्या गेल्या नाहीत, आणि पुढे बहुतेक रद्दीत गेल्या. २००० मध्ये इंग्लंडमधल्या अॅल्निकच्या बार्टर बुक्स या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली, तेव्हापासून कपांवर आणि टी-शर्टांवर ती दिसते. त्या काळातल्या लोकांचं मनोधैर्य तिने टिकवलं असं म्हणणं म्हणजे न घेतलेल्या औषधाला गुण देणं.

तिचीच जोडीदार मात्र भिंतींवर लागली होती आणि आपटली. तिचा मजकूर: ‘तुमचं धैर्य, तुमची प्रसन्नता, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल.’ कष्ट तुमचे, विजय ‘आमचा’. वाचणाऱ्यांना ते खुपलं, आणि लोकांच्या प्रतिक्रिया टिपणाऱ्या मास-ऑब्झर्व्हेशन या गटाच्या नोंदींतही त्यावर टीका आहे. या पोस्टरने अडसर शोधलाच नव्हता. वरचा माणूस खालच्याला शाबासकी देतो आहे एवढंच त्यातून ऐकू येत होतं.

जास्तच चाललेलं पोस्टरही अडचणीत येतं. एब्रम गेम्स यांनी १९४१ मध्ये एटीएस या ब्रिटिश लष्कराच्या बायकांच्या दलासाठी काढलेली सोनेरी केसांची तरुणी इतकी आकर्षक ठरली की पोस्टर मागे घ्यावं लागलं. म्हणून परिणामाबद्दल लिहिताना पुरावा कोणता ते लिहा: भरतीचे आकडे, रोख्यांची विक्री, समकालीन पाहणी, की नुसती आजची प्रसिद्धी. शेवटचं असेल तर ‘परिणाम माहीत नाही’ एवढंच लिहावं.

सात युक्त्यांची यादी केव्हा वापरायची?

न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अॅनालिसिसने प्रचाराच्या सात युक्त्या सांगितल्या: नावं ठेवणं, गोंडस शब्द, पूज्य गोष्टीचं तेज उसनं घेणं, मोठ्या माणसाची साक्ष, ‘आम्हीही तुमच्यासारखेच’, सोयीचे पत्ते तेवढे दाखवणं, आणि ‘सगळे निघाले, तू का मागे?’. शाळेत अजून हीच शिकवतात. वाईट नाही, पण ती शेवटी वापरा. सुरुवातीलाच वापरली की किचनरवर ‘मोठ्या माणसाची साक्ष’ आणि तोइद्झेच्या आईवर ‘उसनं तेज’ अशी लेबलं लागतात आणि डोकं थांबतं. शिवाय शरम या यादीत कुठेच नीट बसत नाही. लुम्लीचं पोस्टर सातपैकी कोणत्याही खणात कोंबून बघा.

सरावाला जोड्या घ्या

एकटं पोस्टर घेऊन बसू नका. मागणी तीच ठेवून बाकीचं बदलेल अशी जोडी लावा. लुम्लीचा बाप आणि उर्दू भरती-पोस्टर ही पहिली जोडी, कारण तिथे अडसराचा फरक ढळढळीत दिसतो. दुसरी, फुगासची बस आणि फ्रेडरिक सीबेल यांचं १९४२ चं अमेरिकन ‘समवन टॉक्ड!’ (कोणीतरी बोललं!), ज्यात बुडणारा खलाशी पाण्यातून तुमच्याकडे बोट करतो. मागणी गप्प बसण्याची, पण एक हसवतं आणि एक अंगावर येतं. कोणतं कुठे लावलं असतं, दारूच्या गुत्त्यात की बंदरात, आणि का, हे दहा ओळींत लिहा. तिसरी, किचनर आणि मोरचा लाल सैनिक: बोट तेच, पण एक साम्राज्याचा युद्धमंत्री आहे आणि दुसरा बिननावाचा सैनिक; मागच्या बाजूला काय काढलं आहे तेही बघा.

प्रत्येक पोस्टरला एक कार्ड: नोंद क्रमांक, तळाची ओळ, आठवडा, क्रियापद, अडसर, नजर, शत्रूचं शरीर, गाळलेलं, परिणामाचा पुरावा. ‘अडसर’चा रकाना कोरा राहिला तर कार्ड बाजूला ठेवा आणि त्या महिन्याची वर्तमानपत्रं चाळा; तो बहुतेक वेळा तिथेच सापडतो.